खोली अकरा, तातडीचं

साडेआठला तिकीट येतं : खोली अकरा. तातडीचं.
मिसेस टास्करचं सगळंच तातडीचं असतं.
माउस हलत नाही (उलटा धरलेला),
फळा रंग विसरला,
प्रोजेक्टर निळा पडलाय, बुडालेल्या माणसासारखा,
असं एकदा म्हणाल्या, आणि मी हसले.
हसायला नको होतं, हे आज कळलं.

ग्रिम्सबीत वारा हंबरवरून येतो,
धुरी दिलेल्या हॅडकचा वास घेऊन
सर्व्हर-रूमच्या झरोक्यातून आत शिरतो.
मी जालन्याची. समुद्र पहिल्यांदा पाहिला एकविसाव्या वर्षी,
तोही लांबून, चपला हातात घेऊन.
इथे माझ्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा,
खिशात तीन तऱ्हेच्या केबली, तोंडात एकच मंत्र :
बंद करा, पुन्हा चालू करा.
दहातले सात प्रश्न त्यावर सुटतात.
उरलेल्या तिनातल्या दोहोंत प्लग निघालेला असतो.

हा उरलेला एक.

पडद्यावर लाल अक्षरं : पासवर्डची मुदत संपली.
नवा पासवर्ड जुन्यासारखा नसावा.
हजेरी आठ चाळीसला. बाहेर नववीची पोरं भिंतीला टेकून
एकमेकांच्या टायना गाठी मारतायत.
"जुन्यासारखा नसावा म्हणजे?"
मी सांगते, धोरण बदललं, कौन्सिलचं पत्र आलंय,
बारा अक्षरं, एक चिन्ह, आणि शब्दच नवा हवा.
नुसता आकडा बदलून आता भागणार नाही.

त्या खुर्चीत मागे टेकतात. चष्मा काढतात.
मग नकाशाकडे बघत सांगतात, माझ्याकडे नाही,
की तो शब्द एका बोटीचं नाव आहे.
वडील तिच्यावर होते. ह्या नऊ वर्षांच्या.
बोट आइसलंडकडे गेली आणि
वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. मीही उचललं नाही.
शाळेत नेटवर्क आलं तेव्हा यंत्रानं विचारलं,
विसरणार नाही असा एक शब्द द्या.
मग दर सत्राला विचारत राहिलं,
ह्या दर सत्राला एक आकडा वाढवत राहिल्या.
तेहेतीस झाले.
"आई गेल्यापासून ते नाव
दुसरं कुणी मागतच नाही गं माझ्याकडे."

(गं त्या म्हणाल्या नाहीत. इंग्रजीत गं नसतो.
मला तसं ऐकू आलं.)

नाव मी इथे लिहिणार नाही.
माझ्या नोकरीचा तो पहिला नियम.

माझ्या पडद्यावर एक छोटा चौकोन असतो :
मुदत कधीही संपणार नाही.
एक टिचकी, की जन्माची सुटका.
मी बोट उचललंही होतं.
"नको," त्या म्हणाल्या. "मग मला विचारणार कोण?"

आमच्याकडे हाताचं बोट आणि पाण्यावरची बोट
एकाच अक्षरांत लिहितात, हे त्यांना सांगावंसं वाटलं.
आठ अडतीस झाले होते.
मी तो एक नियम त्यांच्या नावापुरता सैल केला
आणि भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे तोंड करून उभी राहिले,
जणू गुरुवारचा पाचवा तास मला पाठच करायचा होता.
मागे कळा वाजत होत्या, सावकाश, दोनच बोटांच्या.
मग थोडं थांबून
तीन.
चार.

तिकीट बंद करताना कारण निवडावं लागतं :
यंत्र, जोडणी, वापरणाऱ्याची चूक.
मी चूक निवडली.
कोणाची, ते यादीत विचारत नाहीत.

दुपारी पुन्हा : खोली अकरा. तातडीचं. आवाज येत नाही.
जिना चढून गेले.
वायर खरोखरच निघाली होती.